अक्षतांना 50 माणसं

सोलापुरात पाणी रोज येत नाही. चार दिवसांआड येतं, कधी पाच, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. आई कळश्या घासून ठेवते, बाबा गच्चीवरच्या टाकीकडे लक्ष देतात, आणि नळाचा पाइप एका बॅरलमधून दुसऱ्या बॅरलमध्ये टाकत उभं राहायचं काम माझं. तास-दीड तास तिथून हलता येत नाही. तीन वर्षं हे पाणी भरताना माझा फोन धुण्याच्या दगडावर, भिंतीला टेकवून ठेवलेला असायचा, आणि फोनमध्ये ह्यूस्टनला जेवायला बसलेला माझा नवरा. आमच्याकडे सकाळचे साडेसात म्हणजे हिवाळ्यात त्याच्याकडे आदल्या रात्रीचे आठ.

या फोनांत काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. मग व्हिसाच्या फाइलसाठी आमच्या बोलण्याची नोंद कागदावर काढायची वेळ आली. नवरा-बायको वेगवेगळ्या देशांत राहत असतील तर संपर्क कसा ठेवला, हे दाखवावं लागतं. मी तीन वर्षांच्या कॉलची यादी छापून आणली आणि जमिनीवर पसरून बघत बसले. बहुतेक फोन पंधरा-वीस मिनिटांचे. मी शाळेत गणित शिकवते, सकाळी माझी घाई असते. पण मध्येच एक फोन एक तास वीस मिनिटांचा. मग पुन्हा चार दिवस छोटे फोन, आणि पुन्हा एक मोठा. पानामागून पान तसंच. थोडा वेळ मला कळेना. मग लक्षात आलं की हे पाण्याचे दिवस आहेत.

मी ती पानं पंच करून फाइलला लावली. मुंबईत काचेपलीकडे बसलेल्या माणसाला त्यात फक्त तारखा आणि मिनिटं दिसणार होती. मला त्यात बॅरल भरल्याचा आवाज ऐकू येत होता, आणि "थांब, पाइप बदलते" हे माझं वाक्य.

ही सगळी तयारी ज्या मुलाखतीसाठी चालली होती ती फेब्रुवारी 2025 मध्ये झाली. पण गोष्ट सुरू होते जानेवारी 2022 मध्ये. खरं म्हणजे त्याच्याही कितीतरी आधी, कारण माझं सासर सोलापूरचंच, मुरारजी पेठेतलं. सासूबाईंचा भाऊ अमेरिकेत. त्यांनी बहिणीसाठी अर्ज केला होता, आणि भावाने बहिणीसाठी केलेल्या अर्जाचा नंबर लागायला 14 वर्षं गेली. 2018 मध्ये सासू-सासरे आणि माझा होणारा नवरा ग्रीन कार्डवर तिकडे गेले. अर्ज केला तेव्हा तो शाळेत होता.

आमचं स्थळ त्याच्या मावशीने आणलं. मावशी आणि आई एका भजनी मंडळात आहेत. 2021 मध्ये आम्ही व्हिडिओ कॉलवर बोलायला लागलो. आठ महिने बोललो. लग्न ठरलं, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातला मुहूर्त निघाला, तिकिटं निघाली, आणि कोरोनाची तिसरी लाट आली. 11 जानेवारी 2022 पासून परदेशातून येणाऱ्या प्रत्येकाला सात दिवस घरातच राहायचं आणि आठव्या दिवशी तपासणी करायची, असा नियम झाला. ते तिघे 12 तारखेला पोचले.

म्हणजे ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं तो माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर होता आणि मला त्याला भेटता येत नव्हतं. 14 तारखेला संक्रांत होती. आईने तिळगूळ बांधून दिला, मी भावाच्या गाडीवर मागे बसून मुरारजी पेठेत गेले. तो गच्चीवर उभा होता. तोंडाला मास्क. त्याने वरून एक कापडी पिशवी दोरीला बांधून खाली सोडली. मी तिळगूळ त्यात ठेवला. पिशवी वर जाताना तारेला अडकली, त्याने ती हळूहळू सोडवली. मग मास्क खाली करून एक वडी खाल्ली आणि वरूनच म्हणाला, "गोड आहे." मी काहीच बोलले नाही. शेजारच्या दोन बायका दारात उभ्या राहून बघत होत्या.

माझ्या नवऱ्याला मी पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं ते असं, तो गच्चीवर आणि मी रस्त्यावर. त्याचा फोटो नाही.

लग्नाला 50 माणसांची मर्यादा होती. ज्यांच्या घरी त्या महिन्यात लग्न झालं त्यांना माहीत आहे की 50 माणसं निवडणं म्हणजे काय. आमच्याकडे लग्नाच्या मुहूर्ताला कुणी मुहूर्त म्हणत नाही. अक्षता किती वाजता, असं विचारतात. जेवायला नाही जमलं तरी चालेल, अक्षतांना या, असं म्हणतात. बाबा वहीत नावं लिहायचे, मोजायचे आणि खोडायचे. त्यांच्या मिलमधल्या जुन्या सोबत्यांची नावं खोडताना मी त्यांना पाहिलं. शेवटी आजीचं नाव त्यांनी स्वतः खोडलं. आजी 82 वर्षांची, दम्याची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गर्दीत न्यायचं नाही. आजी काही बोलली नाही. अक्षतांच्या वेळेला ती घरी देवघरासमोर खुर्चीवर बसली, शेजारच्या मुलीने तिच्यासमोर फोन धरला, आणि आजीने ओंजळीतल्या अक्षता फोनवर टाकल्या. फोन खाली पडला म्हणे. त्याचाही फोटो नाही.

जे फोटो आहेत त्यांत सगळ्यांची तोंडं झाकलेली. अंतरपाटाच्या दोन बाजूंना आम्ही दोघं मास्क लावून उभे, गुरुजींचा मास्क मंगलाष्टकं म्हणता यावीत म्हणून हनुवटीवर. मामाचे फक्त डोळे. मुलाखतीला जाऊन आलेल्यांचे अनुभव मी रात्र-रात्र वाचायचे. छोटं लग्न, मोजके पाहुणे, लग्नाआधी प्रत्यक्ष भेट कमी, या सगळ्यावर प्रश्न येतात असं त्यांत असायचं. आमच्या लग्नात हे सगळंच होतं. माझ्या हातातला अल्बम मला पहिल्यांदाच परक्याच्या नजरेने दिसायला लागला आणि ते मला फार लागलं.

तपासणी होऊ नये असं मी म्हणत नाही. परदेशातला मुलगा म्हणून घाईने दिलेल्या आणि वर्षभरात टाकून दिलेल्या मुली आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या बाबतीत झालेलं मी पाहिलं आहे. तिच्या लग्नात कुणी चार प्रश्न विचारले असते तर बरं झालं असतं. तेव्हा विचारा. पण जे उत्तर आहे ते कागदात मावत नाही, त्याचं काय करायचं, हे मला तीन वर्षं सुचत नव्हतं.

लग्नानंतर तो सहा आठवड्यांनी परत गेला आणि मार्च 2022 मध्ये त्याने आय-130 हा अर्ज भरला. नातं खरं आहे हे आधी त्या अर्जातून सिद्ध करायचं, मग पुढचं सगळं. तो तेव्हा नागरिक नव्हता, ग्रीन कार्डधारक होता. त्यामुळे मी एफ-2-ए नावाच्या रांगेत. या रांगेला वर्षाचा ठराविक कोटा असतो, आणि कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर आला हे दर महिन्याला व्हिसा बुलेटिनमध्ये छापून येतं. आमचा अर्ज गेला तेव्हा ही रांग चालू होती, म्हणजे अर्ज मंजूर झाला की थांबायची गरज नाही. एप्रिल 2023 च्या बुलेटिनमध्ये एकदम 8 सप्टेंबर 2020 ही तारीख आली. त्या तारखेच्या आधी ज्यांनी अर्ज केला होता त्यांचाच नंबर. तारीख पुढे जाते हे ऐकलं होतं, मागे जाते हे मी पहिल्यांदा पाहिलं. त्या दिवशी शाळेत फळ्यावर उदाहरण लिहिताना माझा हात मध्येच थांबला. मुलं म्हणाली, "मॅडम, पुढं?"

त्या काळात गावात बाहेर पडणं जड जायचं. लग्न झालेली मुलगी माहेरी राहते, याचा अर्थ लोक आपापल्या परीने लावतात. हळदीकुंकवाला गेलं की वाण देता देता कुणीतरी विचारायचंच, "मग, कधी?" त्यात वाईट हेतू नसायचा. पण त्या एका शब्दाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईने मग मला हळदीकुंकवाला पाठवायचं बंद केलं. ती एकटी जायची आणि माझं वाण घेऊन यायची.

2024 च्या मध्यावर नवरा अमेरिकेचा नागरिक झाला. नागरिकाच्या जोडीदाराला कोट्याची रांग नसते, त्यामुळे माझा अर्ज त्या रांगेतून बाहेर निघाला. पुढे फी, डीएस-260 हा लांबलचक फॉर्म, आणि आय-864, म्हणजे मला पोसायची जबाबदारी माझ्या नवऱ्याने लेखी घ्यायची. त्यासाठी त्याचं उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या 125 टक्के तरी लागतं. जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, पोलिसांचा दाखला. लग्नाच्या दाखल्यात नवऱ्याच्या वडिलांच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं. ते दुरुस्त करायला पाच फेऱ्या झाल्या आणि तीनही साक्षीदारांना पुन्हा नेऊन उभं करावं लागलं. त्यात माझा मामा बार्शीहून दोनदा आला. दोन्ही वेळा येताना शेंगा घेऊन आला.

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता, तुम्ही दुसरं कुठलं नाव कधी वापरलं आहे का? मी तिथे बराच वेळ थांबले. आमच्यात लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. त्यानेही लिहिलं, सासूबाईंनी ठरवलेलं. पासपोर्टवर, आधारवर, शाळेच्या मस्टरवर, कुठेही ते नाव नाही. नवराही मला माझ्या जुन्या नावानेच हाक मारतो. पण सासूबाई फोनवर आल्या की त्या नावानेच बोलतात, आणि मी ओ देते. मग ते नाव मी वापरलं की नाही? कितीतरी जणी तिथे "नाही" लिहून पुढे जातात. मी "हो" लिहिलं. खोटं लिहायचं नाही म्हणून तर लिहिलंच, पण तीन वर्षांत सासरची म्हणून माझ्याकडे रोजच्या वापरातली एवढी एकच वस्तू होती. ती सोडवेना.

जानेवारीत, मुलाखतीच्या आधीच्या महिन्यात, आजी म्हणाली, "मला सिद्धरामाच्या अक्षतांना घेऊन चल." दम्यामुळे ती कित्येक वर्षांत गेली नव्हती. बाबा नको म्हणाले. तिने ऐकलं नाही. आम्ही खूप लवकर जाऊन तलावाच्या बाजूला एका कडेला तिची घडीची खुर्ची लावली.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. संक्रांतीच्या दिवसांत सोलापूरच्या ग्रामदैवताची, बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची यात्रा असते. पांढरी बाराबंदी घातलेले हजारो भक्त, सात उंच नंदीध्वज, आणि होम मैदानावर गड्डा, म्हणजे जत्रा. पण यात्रेचा गाभा म्हणजे लग्न. एका कुंभाराच्या मुलीने सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरला. ते योगी, लग्न करू शकत नव्हते. तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न करायला तिला परवानगी दिली, अशी कथा आहे. ते लग्न सोलापूर दरवर्षी लावतं. देवळाजवळच्या सम्मती कट्ट्यासमोर सम्मती वाचली जाते, "सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्" असा घोष होतो, आणि सगळं गाव अक्षता टाकतं. मराठी, कानडी, तेलुगू बोलणारी सगळी माणसं एका वेळी हात वर करतात. 2022 मध्ये, आमच्या लग्नाच्या महिन्यात, त्या अक्षताही मोजक्या मानकऱ्यांतच झाल्या होत्या.

लहानपणी मी आजीला विचारलं होतं, दिड्डम् म्हणजे काय? ती म्हणाली होती, "खरंय, पक्कंय." एवढंच.

या वेळी घोष झाला तेव्हा आजीने मुठीतल्या अक्षता लांब टाकायचा प्रयत्न केला. त्या पुढच्या माणसाच्या बाराबंदीवर पडल्या. त्याने मागे वळून तिला नमस्कार केला. मी त्या लग्नाकडे आयुष्यभर बघत आले होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं की या लग्नात नवरा समोर नाही. त्याची एक वस्तू आहे, आणि बघणारं गाव आहे. आजी परत येताना रिक्षात म्हणाली, "तुझ्या वेळी मी नव्हते बघ. ते राहिलं होतं." मग तिने उरलेल्या चार अक्षता माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात घातल्या.

वैद्यकीय तपासणीसाठी त्याआधी एकदा मुंबईला जाऊन आलो होतो. एक्स-रे, रक्त, राहिलेल्या लसी. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मुलाखतीच्या आदल्या रात्री मी आणि बाबा सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघालो. स्टेशनला जाताना रिक्षा भैय्या चौकातून जाते. तिथे डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. शाळेची सहल घेऊन मी तिथे कितीदा गेले आहे. 1938 मध्ये भारतातून चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातले आपल्या सोलापूरचे डॉक्टर. तिकडे 1941 मध्ये त्यांनी गुओ छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या 32 व्या वर्षी, ते तिथेच गेले. गुओबाई नंतर भारतात येऊन सासरच्या माणसांना भेटल्या. मुलांना मी नेहमी डॉक्टरांबद्दल सांगते. त्या रात्री रिक्षातून त्या बंद दाराकडे बघताना मी फक्त त्या बाईंचा विचार करत होते. ज्या घरात आपला नवरा वाढला तिथे त्याच्यावाचून यायचं आणि कुठल्या भाषेत बोलायचं.

सोलापूर ते मुंबई 455 किलोमीटर. मी वरच्या बर्थवर फाइल उशाशी घेऊन झोपले. झोप लागली असं नाही. कित्येक आठवडे नवरा फोनवर मला तयार करत होता. तो अधिकारी व्हायचा आणि इंग्रजीत विचारायचा, तुम्ही कसे भेटलात? मी इंग्रजीत सांगायचे की लग्न ठरवून झालं, घरच्यांनी स्थळ आणलं. झालं. एका ओळीत आमचं लग्न संपायचं. त्याने दहा वेळा विचारलं, दहा वेळा तेच. एकदा तो वैतागून मराठीत म्हणाला, "अगं, तू तिळगूळ दिलास ते सांग ना." मी सांगायला लागले तर पिशवीच्या दोरीलाच माझं इंग्रजी अडकलं.

दादरला उतरून आम्ही बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, पोचलो तेव्हा साडेसात वाजले होते. अमेरिकेची ही कॉन्सुलेट पूर्वी ब्रीच कँडीला लिंकन हाउसमध्ये होती, 2011 मध्ये इकडे आली. आत फोन नेता येत नाही, बॅग नेता येत नाही. सोबत आलेल्यांना फुटपाथवरच थांबावं लागतं. बाबांनी माझा फोन घेतला, पर्स घेतली, डबा घेतला. पर्स देताना मला अक्षता आठवल्या. मी त्या चार दाण्यांपैकी एकही आत नेला नाही. सुरक्षेच्या दारात हातात तांदळाचे दाणे घेऊन उभं राहायचं धाडस मला झालं नाही. बाबा म्हणाले, "मी इथंच आहे." ते रांगेच्या पलीकडे एका झाडाखाली जाऊन उभे राहिले. मिलमध्ये पाळीला उभे राहायचे तसे सरळ.

आत सगळं शांत आणि थंड. टोकन, मग एका खिडकीत कागद तपासणं, मग पुन्हा बसणं. माझ्या शेजारी नांदेडकडची एक मुलगी बसली होती, तिच्या मांडीवर वर्षभराचं बाळ. बाळाने बापाला अजून पाहिलेलं नव्हतं. ती म्हणाली, "फोटो दाखवला की हसतो." आम्ही दोघी त्यापुढे काही बोललो नाही. तिने माझ्याकडे बाळ दिलं आणि आपली फाइल नीट लावली. नंतर मीही माझी लावली.

कागद तपासणाऱ्या खिडकीत मला विचारलं होतं, मुलाखत कुठल्या भाषेत द्याल? मी इंग्रजी म्हणायचं ठरवून आले होते. तोंडातून निघालं, "मराठी."

नंबर आला. काचेपलीकडे माझ्याच वयाचा एक अमेरिकन अधिकारी, त्याच्या बाजूला दुभाष्या बाई. बोटांचे ठसे घेतले. उजवा हात वर करून, जे सांगेन ते खरं सांगेन अशी शपथ घ्यायला लावली. हात वर केल्यावर मला सम्मती कट्ट्यापुढचे हात आठवले. खरंय, पक्कंय.

नवरा काय करतो, कुठे राहतो, शेवटचा कधी आला होता, हे प्रश्न भराभर झाले. मग त्याने विचारलं, "तुम्ही दोघं पहिल्यांदा प्रत्यक्ष कधी भेटलात?"

मी सांगितलं. संक्रांत, गच्ची, दोरी, पिशवी. तारेला अडकली तेही सांगितलं. बाई एकेक वाक्य इंग्रजीत करत होत्या. तिळगुळापाशी त्या क्षणभर थांबल्या, आणि मग त्यांनी तिळगूळ हाच शब्द तसाच ठेवला. त्यांना तो शब्द दुसऱ्या कुठल्या शब्दाने बदलावासा वाटला नाही, याचं मला त्या खिडकीपाशी इतकं बरं वाटलं की माझा आवाज मोकळा झाला. अधिकाऱ्याने विचारलं, "मग तो काय म्हणाला?" मी म्हणाले, "गोड आहे म्हणाला."

त्याने अल्बम मागितला. पानं उलटली. सगळ्यांचे मास्क बघून "कोविड," असं स्वतःशीच म्हणाला. फोटोतल्या माणसांवर बोट ठेवून विचारत गेला आणि मी नुसत्या डोळ्यांवरून सांगत गेले. हा मामा, ही मावशी, जिने स्थळ आणलं. मग फॉर्मकडे बघून त्याने ते दुसरं नाव वाचलं. उच्चार चुकला, तरी कळलं. "या नावाने तुम्हाला कोण हाक मारतं?"

"सासूबाई. फक्त त्याच."

त्याने काहीतरी टाइप केलं. मग शेवटचा प्रश्न. "लग्नाला कोण कोण होतं?"

याच प्रश्नाची मला तीन वर्षं भीती वाटत होती. 50 चा नियम कसा सांगायचा, त्याचा सरकारी आदेश मी झेरॉक्स करून फाइलला लावला होता. पान नंबरही पाठ होता. पण मी ते पान काढलं नाही. "अक्षतांना 50 माणसं होती," मी म्हणाले, "आणि आजी घरी होती. तिने घरून टाकल्या."

दुभाष्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी सावकाश, एकही शब्द न गाळता, ते इंग्रजीत सांगितलं. पन्नास माणसं, आणि तिची आजी, तिने घरून अक्षता टाकल्या. अक्षता म्हणजे काय हेही त्यांनी एका वाक्यात समजावलं. अधिकाऱ्याने मान हलवली. पासपोर्ट ठेवून घेतला आणि एक कागद खिडकीखालून सरकवला. तुमचा व्हिसा मंजूर झाला आहे, पासपोर्ट काही दिवसांनी घ्यायला या. हे त्याने सांगितलं इंग्रजीत, आणि बाईंनी मराठी करण्याआधीच मला कळलं होतं. तरी मी त्यांच्या मराठीची वाट पाहिली.

परत जाताना नांदेडची मुलगी अजून बाकावर होती. मी तिच्या बाळाच्या पायाला हात लावला. तिचं काय झालं ते मला कळलं नाही. अजून कधी कधी आठवण येते.

बाहेर बाबा त्याच झाडाखाली. मी दुरून मान हलवली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पर्स माझ्या हातात दिली. ह्यूस्टनला तेव्हा रात्रीचे सव्वाबारा वाजले होते. पहिल्या रिंगला फोन उचलला गेला. मी म्हणाले, "झालं." तो काही बोललाच नाही. मग पलीकडून सासूबाईंनी मोठ्याने मला हाक मारली, त्याच नावाने, आणि मी भर बीकेसीच्या फुटपाथवर ओ दिली. आम्ही कठड्यावर बसून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली. बाबांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

दुपारी चार वाजून पाच मिनिटांची वंदे भारत मिळाली. पुणं यायच्या आधीच अंधार पडला. नंतर काचेत आम्ही दोघंच दिसत होतो. कुर्डुवाडी गेल्यावर बाबा पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "पाणी भरायला आता आईला जमेल का गं? पाइप जड आहे." मी म्हणाले, "बॅरलला कॉक बसवून घेऊ." त्यांनी हो म्हटलं. घरापर्यंत मग आम्ही कॉकबद्दलच बोलत राहिलो, कुठल्या मापाचा घ्यायचा, प्लास्टिकचा की पितळी, चाटी गल्लीत जायचं की दुसरीकडे बघायचं.

घरी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. आई दारात. आजी जागी होती, खाटेवर बसलेली, काठी मांडीवर आडवी. मी तिच्या पाया पडले.

"काय इचारलं गं त्यांनी?"

"अक्षतांना कोण होतं विचारलं."

"मग?"

"50 माणसं होती म्हणाले."

आजी थोडा वेळ गप्प बसली. मग काठी बाजूला ठेवत म्हणाली, "आणि मला धरलं का नाही त्यात?"

"तुझं वेगळं सांगितलं, आजी. तू घरून टाकल्यास ते."

"लिहून घेतलं का त्यानं?"

"घेतलं असेल."

"बरं," आजी म्हणाली, आणि आडवी झाली. "झोप आता. उद्या पाणी हाय."